स्कूबा डायव्हिंगची हवा कुणी केली? टीव्ही, सिनेमा, सेलिब्रिटी आणि आपला मालवण-नेत्राणीचा किनारा

मे महिन्याची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाड्या घाट उतरून मालवणकडे वळतात. मंडळींची यादी ठरलेली असते. सिंधुदुर्ग किल्ला, माशाचं जेवण आणि स्कूबा. वीस वर्षांपूर्वी या यादीत तिसरा शब्द नव्हता. इकडे मुर्डेश्वरला देवदर्शनाला जाणारेही आता ‘नेत्राणीची बोट कधी सुटते’ म्हणून चौकशी करतात. हे वेड कुठून आलं असं विचारलं तर उत्तरं साधारण तीन मिळतात : पिक्चरमध्ये पाहिलं, टीव्हीवर पाहिलं, नाहीतर अमक्या हिरोइनच्या इन्स्टाग्रामवर पाहिलं.

धंद्याच्या नजरेनं बघितलं तर स्कूबा हा विकायला फार अवघड माल आहे. खानावळ वासावर गिऱ्हाईक ओढते. पॅरासेलिंगचं छत्र आभाळात लांबून दिसतं. स्कूबाचं सगळं पाण्याखाली, किनाऱ्यावर उभं राहून काहीच दिसत नाही. त्यात भीती वेगळी. ज्याला धड पोहता येत नाही अशा माणसाला, तोंडात नळी धरून समुद्राच्या तळाला चल, म्हणून सांगायचं आणि वर त्याच्याकडून पैसे घ्यायचे! नमुना चाखायला देता येत नाही असा माल चित्र दाखवूनच विकावा लागतो. म्हणून या खेळाला पहिल्यापासून कॅमेरा लागला, आणि कॅमेऱ्यासमोर ओळखीचा चेहरा लागला.

कॅमेरा घेऊनच उतरलेली माणसं

पूर्वी पाणबुडा म्हणजे डोक्यावर पितळी टोप, पायात जड बूट आणि वरच्या बोटीतून हवा देणारी लांब नळी. ते काम होतं, खेळ नव्हता. १९४३ साली फ्रेंच नौदलातला अधिकारी जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यान यांनी ‘ॲक्वालंग’ तयार केलं. पाठीवर दाबून भरलेल्या हवेचं सिलिंडर, आणि त्याला असा रेग्युलेटर की आपण श्वास ओढला की आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. नळी सुटली, माणूस मोकळा झाला. आज मालवणच्या होडीवर दिसणारा संच मुळात याच तत्त्वावर चालतो.

कुस्तो यंत्र काढून थांबला नाही. त्याला पहिल्यापासून सिनेमाचा नाद होता आणि ॲक्वालंग बनवून विकणाऱ्या धंद्याशीही त्याचा संबंध होता. म्हणजे चित्रपट ही एका अर्थी त्याच्या मालाची जाहिरातच होती. लुई माल या तरुण दिग्दर्शकाला बरोबर घेऊन त्यानं केलेला ‘द सायलेंट वर्ल्ड’ १९५६ मध्ये आला. त्याला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढं ऑस्करही मिळालं. लाखो लोकांनी समुद्राचा तळ पहिल्यांदा रंगात पाहिला. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळावर सुरुंग लावलेला आणि चिडलेल्या खलाशांनी शार्क मारलेले दाखवलेत. आज ते बघवत नाही, पण तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं. १९६८ पासून अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर कुस्तोची मालिका सुरू झाली आणि लाल टोपी घातलेला हा म्हातारा घराघरात पोचला.

कुस्तोइतकं नाव आपल्याकडे झालं नाही अशी एक जोडी म्हणजे व्हिएन्नाचे हान्स हास आणि त्यांची पत्नी लोटे. बीबीसीवर १९५६ साली त्यांची ‘डायव्हिंग टू ॲडव्हेंचर’ ही मालिका लागली. बाई पाण्यात उतरते, शार्कच्या जवळून पोहते, फोटो काढते, हे त्या काळच्या इंग्लंडमधल्या घरांत लोक खुर्च्या ओढून बघत. हा फक्त दांडगट पुरुषांचा खेळ नाही, हे कुठल्याही पत्रकापेक्षा लोटे हास यांच्या चेहऱ्यानं लवकर पटवलं.

‘सी हंट’ : एका मालिकेनं काय केलं

पण टीव्हीनं स्कूबाचा बाजार उभा केल्याचं खरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘सी हंट’ ही अर्ध्या तासाची मालिका १९५८ ते १९६१ या काळात चालली. एकूण १५५ भाग. लॉइड ब्रिजेस या नटानं त्यात माइक नेल्सन या माजी नौदल पाणबुड्याचं काम केलं. मोठ्या वाहिन्यांनी ही कल्पना आधी नाकारली होती, कारण पाण्याखाली गोष्टी घडून घडून किती घडणार? मग निर्मात्यांनी ती गावोगावच्या टीव्ही केंद्रांना सुटी सुटी विकली, आणि ती तुफान चालली.

ब्रिजेस मुळात काही पाणबुडा नव्हता. कामासाठी तो शिकला. सुरुवातीला पाण्याखालचे अवघड प्रसंग कसलेले पाणबुडे करत, पुढं तो स्वतःही बरंच करू लागला. भागाच्या शेवटी तो प्रेक्षकांकडे बघून समुद्राविषयी चार शब्द बोलत असे. त्याच्या नावानं पुस्तक निघालं, मालिकेची कॉमिक्स निघाली, मास्क आणि फिन्स विकले गेले. त्या पिढीतल्या कितीतरी अमेरिकन पाणबुड्यांनी पुढं सांगितलं की आपण पाण्यात उतरलो ते माइक नेल्सनमुळे.

आता यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. माइक नेल्सन हा सहलीला आलेला पाहुणा नव्हता. तो शिकलेला, धंद्यानं पाणबुडा होता, आणि गोष्ट बहुतेक वेळा कुणाच्या तरी चुकीवर किंवा अडचणीवर उभी असायची. कुणाची हवा संपते, कुणी अडकतं, कुणी घाई करतं. म्हणजे करमणूक करता करता मालिका सांगत होती की हे शिकल्याशिवाय करायचं काम नाही. आणि नेमक्या त्याच काळात तिकडे शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहात होत्या. लॉस एंजेलिस काउंटीनं १९५० च्या दशकाच्या मध्यात प्रशिक्षण सुरू केलं होतं, १९५९ मध्ये वायएमसीएचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, पाठोपाठ ‘नाउई’ ही प्रशिक्षकांची संघटना आली, आणि १९६६ मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पाडी’ स्थापन केली. आज जगभर ज्या कार्डाशिवाय चांगली डाइव्ह शॉप सिलिंडर हातात देत नाहीत, त्या कार्डांचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे ही पाडी.

मालिका पाहून उत्साहानं आलेला माणूस आधी वर्गात बसला, मग तलावात उतरला, मग समुद्रात गेला. त्यानं कोर्सची फी भरली, स्वतःचा मास्क घेतला, क्लबात नाव घातलं, दर सुट्टीला परत आला. बी.कॉम.च्या भाषेत सांगायचं तर टीव्हीनं आणलेलं एकदाचं गिऱ्हाईक या संस्थांनी कायमचं खातेदार केलं.

ब्रिटनमध्ये हेच काम राजघराण्यानं केलं म्हटलं तरी चालेल. तिथला सब-ॲक्वा क्लब १९५३ चा. त्याचं अध्यक्षपद आधी प्रिन्स फिलिप, नंतर बरीच वर्षं चार्ल्स आणि २०१४ पासून प्रिन्स विल्यम यांच्याकडे. चार्ल्स तर १९७५ मध्ये आर्क्टिकच्या बर्फाखाली उतरले होते. मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये मंत्रिमंडळाची बैठकच पाण्याखाली घेतली. विषय होता समुद्राची वाढती पातळी. पण सिलिंडर लावलेले मंत्री पाण्याखाली सह्या करताहेत हे छायाचित्र जगभर छापलं गेलं. त्यातून मालदीवच्या डायव्हिंगची जी जाहिरात झाली ती पैसे मोजून झाली नसती.

जाहिरात स्पेनची, गिऱ्हाईक तारकर्लीचं

हिंदी सिनेमानं स्कूबाकडे मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते २००९ च्या ‘ब्लू’मध्ये. अक्षय कुमार, संजय दत्त, बुडालेला खजिना, बहामाचं निळंशार पाणी, शार्क. खर्च भरपूर झाला, पण पिक्चर अपेक्षेइतका चालला नाही आणि तो पाहून कुणी सिलिंडर बांधायला धावलं असंही दिसलं नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, झोया अख्तरचा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि सगळं बदललं.

फरक कुठं होता? ‘ब्लू’मधले हिरो आधीच पाण्यातले वाघ होते. ‘जिंदगी’मधला हृतिक रोशनचा अर्जुन हा लंडनमध्ये पैशाचे व्यवहार करणारा, सुट्टीतही फोनला चिकटलेला माणूस. (आम्हा कॉमर्सवाल्यांपैकीच एक.) त्याला पाण्याची भीती वाटते. कॅटरीना कैफची लैला ही त्याची डायव्हिंग प्रशिक्षक. ती त्याला धीर देत खाली नेते आणि तो पाण्यातून वर येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. त्या एका प्रसंगानं स्कूबा हा धाडसाचा खेळ राहिला नाही, आपली भीती घालवण्याचा उपाय झाला. आणि भीती काय, प्रत्येकाकडे असतेच.

चित्रीकरण स्पेनच्या कोस्टा ब्रावा किनाऱ्यावरचं. स्पेनच्या पर्यटन खात्यानं या चित्रपटाला सहकार्य केलं होतं आणि भारतीय पाहुणे वाढल्याचा फायदाही त्यांना मिळाला. पण स्पेनचं तिकीट किती जणांना परवडणार? बाकीच्यांनी जवळचा समुद्र शोधला. कुणी अंदमानला गेलं, कुणी गोव्याच्या ग्रँड आयलंडला, आणि आपल्या भागातलं पब्लिक उतरलं तारकर्ली-मालवणला. त्याच सुमारास सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा यूएनडीपीचा प्रकल्प सुरू होता, आणि मासेमारी करणाऱ्या घरांतल्या पोरांना स्नॉर्केलिंग-स्कूबाचं काम शिकवलं जात होतं. सागरी शास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला उभी राहिली. म्हणजे पडद्यानं मागणी तयार केली तेव्हा किनाऱ्यावर थोडा पुरवठा तयार होत होता. पण मागणी ज्या वेगानं आली त्या वेगानं शिकलेली माणसं तयार झाली नाहीत. दिवाळी, नाताळ आणि मे महिना, या तीन हंगामांत जो लोंढा येतो त्याला पंधरा-वीस मिनिटांची बुडी, व्हिडिओ आणि ‘चला, पुढचे या’ यापलीकडे काही देणं शक्यही नसतं.

सिंधुदुर्गाला पडद्याची ताकद नवीन नाही. झी मराठीवर २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ लागली तेव्हा आकेरीतला तो वाडा बघायला लोक गाड्या करून येत होते. अण्णा नाईकांच्या दारात फोटो काढणाऱ्यांत बेळगावकर किती असतील ते विचारू नका. एक भुताची मालिका जर आडगावच्या वाड्याला पर्यटनस्थळ करू शकते, तर एखाद्या मालिकेचा नायक मालवणचा शिकलेला पाणबुडा असता तर काय झालं असतं? आपल्या मालिकांत नायक डॉक्टर असतो, उद्योगपती असतो, कलेक्टरही असतो. तांडेलाचा मुलगा क्वचित, आणि तोही गाणं संपलं की मुंबईला जातो.

पोज देणारे आणि शिकणारे

सेलिब्रिटींत दोन जाती आहेत. एक, मालदीवच्या सुट्टीत मास्क लावून अंगठा दाखवणारे. (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. ‘ठीक आहे’ला तर्जनी-अंगठ्याचा गोल करतात. फोटोत अंगठा दिसला की समजावं, पाहुणा नवा आहे.) दुसऱ्या जातीत परिणीती चोप्रासारखे लोक येतात. तिनं टप्प्याटप्प्यानं शिकत २०२२ मध्ये पाडीचं ‘मास्टर स्कूबा डायव्हर’ हे मानांकन मिळवलं, आणि त्याला नऊ वर्षं लागल्याचं तिनंच जाहीर सांगितलं. या मानांकनासाठी ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू हे कोर्स, पाच विशेष विषय आणि किमान ५० नोंदलेल्या बुड्या लागतात. पैसे टाकून एका दुपारी मिळणारी ही गोष्ट नाही.

प्रचाराच्या हिशेबात या दोघांत मोठा फरक पडतो. पोज देणारा चेहरा पंधरा मिनिटांची बुडी विकतो. शिकणारा चेहरा कोर्स विकतो. पंधरा मिनिटांवालं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही, त्यामुळे ते खूश गेलं की नाराज, याचा दुकानदाराला फारसा फरक पडत नाही. कोर्सवालं गिऱ्हाईक पाच वेळा येतं, प्रश्न विचारतं, खराब रेग्युलेटर ओळखतं. माझ्या मते किनाऱ्यावरची शिस्त सरकारी पथकापेक्षा असं जाणतं गिऱ्हाईक जास्त राखतं.

जानेवारी २०२४ मध्ये काय झालं

आपल्याकडची सगळ्यात मोठी समुद्री जाहिरात कुठल्या नटानं नाही, पंतप्रधानांनी केली. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला नरेंद्र मोदी यांचे लक्षद्वीपमधले स्नॉर्केलिंगचे फोटो आले. मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर वाईट शेरे मारले आणि वाद पेटला. मेकमायट्रिप या कंपनीनं सांगितलं की त्यांच्याकडे लक्षद्वीपचा शोध ३,४०० टक्क्यांनी वाढला. नट, क्रिकेटपटू असे सगळे एकामागून एक भारतीय किनाऱ्यांच्या बाजूनं लिहू लागले. त्यातच सचिन तेंडुलकरनं आपला सिंधुदुर्गातला व्हिडिओ टाकला. त्याचा पन्नासावा वाढदिवस त्यानं एप्रिल २०२३ मध्ये भोगवे परिसरात साजरा केला होता. वेंगुर्ला-मालवण पट्ट्याला अशी जाहिरात फुकटात कधी मिळाली नव्हती. पुढच्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, मोदी द्वारकेच्या समुद्रात स्कूबाचा पोशाख घालून उतरले आणि मोरपिसं अर्पण करून आले. वडोदऱ्याच्या वाचकांना सांगायला नको, त्यानंतर द्वारकेला जाणाऱ्यांच्या तोंडी दर्शनाबरोबर ‘पाण्याखालची द्वारका’ही आली. ती काही एका दिवसात सापडलेली नाही. डॉ. एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी तिथं १९८० च्या दशकात बुड्या मारून दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष शोधत होती. त्यांच्या मागं कॅमेरे नव्हते, एवढंच.

पण शोधणं म्हणजे तिकीट काढणं नव्हे. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, विमान उतरतं ते एका अगत्तीला, आणि राहायच्या खोल्या मोजक्या. मागणी आभाळाला आणि पुरवठा जमिनीवर, असं झालं की एकतर भाव चढतो नाहीतर दर्जा उतरतो. मोबाइलवर ३,४०० टक्के वाढायला एक रात्र पुरते. एक धड प्रशिक्षक तयार व्हायला काही वर्षं लागतात.

आपल्या बाजूचं, म्हणजे कर्नाटकातलं उदाहरण पुनीत राजकुमार यांचं. अमोघवर्ष यांनी दिग्दर्शित केलेला ‘गंधद गुडी’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट, त्यांच्या निधनानंतर वर्षभरानं, ऑक्टोबर २०२२ मध्ये लागला. त्यात पुनीत कुठलीही भूमिका न करता, स्वतःच्या नावानं कर्नाटकाची जंगलं आणि किनारा फिरतात. मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीच्या पाण्यात उतरतात. मारामारी नाही, खलनायक नाही. लाडका अप्पू माशांकडे लहान मुलासारखा बघतोय, बस्स. बेळगावच्या थिएटरात तो पाहायला कानडी आणि मराठी पोरं एकाच रांगेत होती. समुद्राला सीमाप्रश्न नसतो, आणि अप्पूलाही नव्हता. नेत्राणी हे किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटरवरचं, वरून पाहिलं तर बदामासारखं दिसणारं बेट आहे. पाणी मालवणपेक्षा सहसा जास्त स्वच्छ, पण तितकंच खोल आणि उघड्या समुद्रातलं. तिथं ‘बघू जरा करून’ म्हणून जाण्याआधी थोडा विचार करावा.

पडद्यावर न दिसणारी होडी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली. बोटीत २० जण होते, दोघे गेले. लक्षात घ्या, अपघात पाण्याखाली झाला नाही. सगळे बुडी मारून सुखरूप वर आले होते. घात झाला तो होडीत, जी कुठल्याही चित्रपटात, मालिकेत किंवा रीलमध्ये दोन सेकंदांपेक्षा जास्त दिसत नाही. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये आलं होतं. कागद तयार होता. म्हणून मालवणला गेल्यावर पहिला प्रश्न माशांचा नाही, होडीचा विचारावा. नोंदणी आहे का, किती माणसांची परवानगी आहे, आणि आत्ता किती बसलीत. लाइफ जॅकेट जाताना सगळे घालतात, येताना ओल्या अंगावर नको म्हणून काढून ठेवतात. येतानाही घालावं.

दुसरी गोष्ट, आपल्याला नक्की काय विकलं जातंय ते समजून घ्यावं. पाटीवर ‘स्कूबा’ लिहिलेलं असलं तरी पुष्कळ ठिकाणी हवा पाठीवरच्या सिलिंडरमधून नाही, बोटीवरून लांब नळीनं येते. त्याला स्नूबा म्हणतात. उथळ पाण्यात, सोबत माणूस असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त ते केलं म्हणजे आपण स्कूबा शिकलो असं समजून पुढच्या सुट्टीत नेत्राणीला खोल उतरायला जाऊ नये. पाडीच्या नियमात एका दिवसाच्या ओळख-बुडीला १२ मीटरची मर्यादा आहे, ओपन वॉटर कोर्स केलेल्याला १८ मीटर, आणि हौशी पाणबुड्यांची शेवटची रेघ ४० मीटरला.

पडद्यावर सगळ्यात सुंदर दिसतो तो वर येण्याचा प्रसंग, आणि चुकायलाही तोच सगळ्यात सोपा. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. अशा वेळी घाबरून श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून पहिला नियम हाच की श्वास कधीही कोंडायचा नाही. उतरताना कानावरचा दाब नाक दाबून मोकळा करायचा, दुखलं तर थांबायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण यांबद्दल जो फॉर्म भरायला देतात तो गाडीच्या फॉर्मसारखा सही करून परत द्यायचा नसतो. तो न देणाऱ्याकडे तर उतरूच नये.

घाटमाथ्यावरच्या लोकांसाठी एक सूचना, जी टीव्हीवर कुणी सांगणार नाही. खोल बुडीनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये असा दंडक आहे. विमान म्हणजे उंची, आणि उंची म्हणजे घाटही. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. मालवणच्या उथळ पाण्यातल्या पंधरा मिनिटांनंतर गाडी घेऊन घरी आलात तर काळजीचं विशेष कारण नाही. पण नेत्राणीला दोन-तीन खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी हुबळी किंवा बेळगाव गाठायचा बेत असेल, तर तो बदला. रात्र किनाऱ्यावर काढा आणि घाटाबद्दल प्रशिक्षकाला आधी विचारा.

निळ्या रंगाबद्दलही अपेक्षा बेतानं ठेवावी. पाणी तांबडा रंग आधी गिळतं. काही मीटर खाली गेलं की लाल मासा करडा दिसतो. सिनेमावाले खाली दिवे नेतात, नंतर संगणकावर रंग भरतात. मालवणला नदी-खाड्यांचं पाणी मिसळतं, त्यामुळे कधी पाच-सात मीटरपलीकडचं दिसत नाही. हे ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक ‘व्हिडिओत तर वेगळं होतं’ म्हणून भांडतं. मग गिऱ्हाइकाच्या व्हिडिओत मासे यावेत म्हणून काही ठिकाणी पाण्यात पाव-बिस्किटं टाकतात, नवख्याला प्रवाळावर धरून बसवतात. प्रवाळ हा सजीव आहे, बसायचा दगड नव्हे. मालवणचा २९ चौरस किलोमीटरचा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. आपल्या फोटोसाठी माशांना खाऊ घालू नका आणि कशाला हात लावू नका एवढं आपण सांगितलं, तरी होडीवाला ऐकतो. पैसे आपले असतात.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या वाचकांना समुद्र लांब असला तरी शिकायला अडचण नाही. ओपन वॉटर कोर्सचा अभ्यास आणि तलावातला भाग मोठ्या शहरात पुरा करून, फक्त शेवटच्या चार बुड्यांसाठी समुद्रावर जाता येतं. दहा वर्षांवरच्या मुलांनाही हा कोर्स करता येतो.

आता सिंधुदुर्गात पुढचा आकर्षणाचा विषय नट नाही, जहाज आहे. नौदलातून निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉक परिसरात समुद्रतळाशी ठेवून तिथं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचा प्रकल्प आहे. त्यासाठी २०२५ मध्ये हे जहाज महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या ताब्यात देण्यात आलं. बुडालेलं जहाज म्हटलं की वाहिन्या येणार, रील येणार, एखादा मोठा चेहराही उद्घाटनाला येणार. निवतीचं पाणी तारकर्लीसारखं उथळ नाही. तिथं उतरायची इच्छा असणाऱ्यांनी आत्ताच कोर्सला नाव घालावं. पावसाळ्यात, मे अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत, सिंधुदुर्गातले जलक्रीडा प्रकार बंद असतात. तेवढे तीन महिने तलावात शिकायला पुरेसे आहेत.